आमचा लांबचा

आमच्या वन्संना दोन चष्मे आहेत, एक जवळचा आणि एक लांबचा. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले होते, एकाच काचेत दोन्ही नंबर बसवून देतो. तर वन्सं म्हणाल्या, "नको. एका कामाला एक हत्यार." झालं! तेव्हापासून जवळचा त्यांच्या नाकावर आणि लांबचा कुठेतरी. फ्रिजवर, इस्त्रीच्या टेबलावर, बाल्कनीतल्या कुंडीत, एकदा तर पिठाच्या डब्यात. "अगं, लांबचा बघितलास का?" या प्रश्नाने माझी सकाळ सुरू होते आणि त्याच प्रश्नाने संध्याकाळ संपते. दोन्ही चष्म्यांच्या डब्या एकाच चॉकलेटी रंगाच्या. मी एकीवर खूण म्हणून लाल टिकली चिकटवली होती. ती वन्संनी नखाने खरवडून काढली, "हे काय लहान मुलांसारखं!" म्हणून.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. लग्न केलं नाही. कुणी विचारलंच तर "राहून गेलं" एवढंच म्हणतात, लायब्ररीचं पुस्तक परत करायचं राहून जावं तसं. चोपन्न वर्षांच्या माझ्या नवऱ्याला त्या अजून बाळ्या म्हणतात, आणि बाळ्याही "आलो ताई" म्हणत उठतो. मला हाक मारताना मात्र नुसतं "अगं". एकवीस वर्षांत मला दुसरं नाव मिळालेलं नाही.

तर या आमच्या वन्सं उपग्रहांचे कपडे शिवतात.

हे सांगितलं की समोरचा माणूस आधी हसतो. मग मी हसत नाही असं बघून गप्प होतो. पण खरंच. उपग्रह वर गेला की त्याच्या एका अंगाला ऊन भाजून काढतं आणि दुसऱ्या अंगाला हाडं गोठवणारी थंडी. म्हणून त्याला कोट लागतो. सोनेरी, चकचकीत, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ अशा वीस थरांचा, आणि प्रत्येक दोन थरांच्या मधे बारीक जाळी. थोडं मशीनवर होतं, बाकी सगळं हाताने. घट्ट शिवलं तर थर एकमेकांना चिकटून ऊब निसटते, सैल शिवलं तर वर जाताना फडफडून फाटतं. "आवळायचं नाही, सोडायचं नाही, नुसतं धरून ठेवायचं," असं वन्सं म्हणतात. आणि मग माझ्या हातच्या उशीच्या अभ्र्याकडे बघून एक सुस्कारा सोडतात.

त्यांच्या कारखान्यातल्या त्या खोलीत धुळीच्या कणालाही परवानगी काढावी लागते. साहजिकच आमच्या घरातही. एकतीस वर्षं या घरात पावडर नाही, अत्तर नाही, तंतू सुटणारा लोकरी स्वेटर नाही. माझ्या लग्नात आलेली मऊ गुलाबी शाल मी दोनदा पांघरली आणि तिसऱ्यांदा ती कपाटातून नाहीशी झाली. एकदा खुद्द संचालक पाहुण्यांना घेऊन त्यांच्या खोलीपाशी आले. झग्याखाली लोकरीचं बनियन होतं, त्याची कड मानेशी दिसली. वन्संनी त्यांना दारातून परत पाठवलं. "अहो, मी संचालक आहे," ते म्हणाले. "म्हणून तर नीट सांगतेय," वन्सं म्हणाल्या, "दुसऱ्या कुणाला ओरडले असते." संचालक गेले, बनियन काढून आले. नियम म्हणजे नियम, हे त्यांचं त्या दिवसापासून सगळ्या कारखान्याला ठाऊक.

आता या गोष्टीतला उपग्रह. त्याचं खरं नाव म्हणजे पाच अक्षरं, एक आडवी रेघ आणि दोन आकडे. कुणाच्या जिभेवर बसणार? पण काम मोठं. पाचशे किलोमीटरवरून खालचा रस्ता दिसावा, रस्त्यावरच्या माणसाने छत्री उघडली आहे की नाही हे कळावं, एवढी त्याच्या कॅमेऱ्याची नजर तीक्ष्ण. हे वन्संनी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे लांबचा चष्माच की!" तेव्हापासून शिलाईखोलीत तो लांबचा, आणि आमच्या घरातही लांबचा. आता सकाळी "लांबचा कुठे आहे?" असं विचारलं तर मला आधी विचारावं लागे, "कुठला? नाकावरचा की आभाळातला?"

तीन वर्षं त्या लांबच्याच्या मागे होत्या. कॅमेऱ्याच्या तोंडाभोवतीचा भाग सगळ्यात अवघड. त्याला त्या गळा म्हणतात. गोल गळ्याला पट्टी लावताना जशा कापडाला बारीक चिरा देतात तशा द्यायच्या, पण चीर एका केसाएवढी जास्त गेली तर वीसच्या वीस थर फेकायचे. असे दोन गळे त्यांनी फेकले. तिसरा बसला, त्या संध्याकाळी त्या घरी येऊन दोनदा आमटी वाढून घेऊन जेवल्या.

इथवर सगळं ठीक होतं. वैताग पुढे आहे.

एकतीस वर्षांत वन्संनी एकोणीस उपग्रहांना कोट घातले, पण एकही वर जाताना बघितलेला नाही. एक उडायचा त्या दिवशी टेबलावर दुसऱ्याचं कापड पसरलेलं असायचं. किनाऱ्यावरच्या उड्डाणतळाचे पास इंजिनिअरांना, त्यांच्या बायकांना आणि कुणाकुणाच्या मेव्हण्यांना मिळायचे. शिवणाऱ्या बायकांचं कुणाच्या डोक्यातच यायचं नाही. वन्संनीही कधी मागितला नाही. पण या महिन्याच्या एकतीस तारखेला त्या निवृत्त होणार होत्या. तेव्हा त्यांनी विभागप्रमुखांकडे जाऊन पहिल्यांदा काहीतरी मागितलं. "लांबच्याला जाताना बघायचंय." प्रमुख ओशाळले. दुसऱ्याच दिवशी पास आला, दोघींचा, गच्चीवरच्या पुढच्या रांगेचा. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं: फक्त नोकरीच्या ओळखपत्रासोबत ग्राह्य.

"ओळखपत्र आहेच की एकतीसपर्यंत," मी म्हटलं. उड्डाण नऊ तारखेला होतं.

नऊ तारखेला पहाटे उठून मी डबा केला, थर्मास भरला, दोन तास बस, मग गच्चीवर टोप्या घालून बसलो. दहा वाजता भोंग्यातून आवाज आला, इंधनाच्या नळीची एक झडप नीट मिटत नाही, उड्डाण तेरा तारखेला. परत दोन तास बस. डबा घरी येऊन खाल्ला. तेरा तारखेला पुन्हा पहाट, पुन्हा डबा, पुन्हा बस. आभाळ भरून आलेलं. अठरा.

"लांबचा लांबला," हे म्हणाले. यांना हा विनोद फार आवडला. पुढे प्रत्येक वेळी त्यांनी तो केला आणि प्रत्येक वेळी आपणच हसले.

अठराला आम्ही निघणार तेवढ्यात वन्संना फोन आला, किनाऱ्यावर नको, आधी कारखान्यात या. झालं असं होतं की अग्निबाणाच्या टोकाची टोपी बसवण्याआधी तिथल्या तपासणीसाहेबांनी लांबच्याचे फोटो काढले होते, आणि गळ्याच्या फोटोत कोपऱ्यात एक बारीक, पांढरी, वाकडी रेघ दिसत होती. केस! कॅमेऱ्याच्या तोंडाशी केस! आणि शिलाईखोलीत पांढऱ्या केसांची बाई एकच.

वन्सं मला नंतर सांगत होत्या, "अगं, खोलीतल्या सगळ्या माझ्या डोक्याकडे बघायला लागल्या. एकतीस वर्षं मी दोन टोप्या घालते. एकावर एक. उन्हाळ्यातसुद्धा!" किनाऱ्यावर तोवर टोपी पुन्हा उघडण्याचं काम सुरू झालेलं. वन्संनी जवळचा चष्मा लावला, पडद्यावरचा फोटो पुष्कळ वेळ बघितला आणि म्हणाल्या, "बाकीचे फोटो दाखवा."

"बाकीच्यांत गळा नाही, बाई," फोनवर पलीकडून तपासणीसाहेब.

"नसू दे. दाखवा."

चाळीस फोटो निघाले. एक गळ्याचा, बाकी नळ्यांचे, पेट्यांचे आणि एक चुकून काढलेला, तपासणीसाहेबांच्या खुर्चीचा. वन्संनी त्या फोटोवर बोट ठेवलं. खुर्चीच्या कोपऱ्यातही तीच रेघ. बारीक, पांढरी, तेवढीच वाकडी.

"ही खुर्ची मी शिवलेली नाही," वन्सं म्हणाल्या. "तुमचा कॅमेरा पुसा."

 पलीकडून रुमालाने काच घासल्याचा आवाज आला म्हणे. जगातल्या सगळ्यात स्वच्छ कॅमेऱ्याची तपासणी करायला साहेबांनी खिशातला कॅमेरा वापरला होता! पण टोपी उघडली ती उघडली. आता पुन्हा सगळी सफाई, पुन्हा धुळीची मोजणी, पुन्हा बंद करणं. आठ दिवस. सव्वीस तारीख.

"माफी मागितली का त्यांनी?" मी विचारलं.

"कशाला मागतील? केस सापडला नाही म्हणून कळवलंय फक्त. 'निष्कर्ष समाधानकारक.'"

मी त्या दिवशी भांडी जरा जोरातच घासली.

त्या आठ दिवसांत आणखी एक घोळ झाला, तो आमच्या जिन्यात. घरात फोनला रेंज येत नाही म्हणून वन्सं जिन्यात उभ्या राहून बोलतात, आणि रेंज कमी असली की आवाज वाढवतात. शिलाईखोलीतल्या त्यांच्या हाताखालच्या मुलीशी, जिला त्या धाकटी म्हणतात, तिच्याशी बोलत होत्या. "अजून तिथेच आहे गं! आज जाईल, उद्या जाईल, कशाचा भरवसा नाही! उघडून बघितलं ना परत! नळ्या लावल्यायत, काढल्यायत, पुन्हा लावल्यायत! मी सांगते, सगळे कंटाळलेत. एकदाचा वर जाऊ दे लांबचा, म्हणजे आपण सुटलो!"

संध्याकाळी समोरच्या काकू आल्या. चेहरा उतरलेला, आवाज खालचा.

"कानावर आलं," त्या म्हणाल्या. "लांबचे म्हणजे कोणाकडून?"

"कोणाकडून म्हणजे?" वन्सं. "आमचाच."

"वय काय?"

"तीन वर्षं झाली."

काकूंचा हात छातीवर गेला. "तीन! अगं बाई! आणि तुम्ही म्हणता एकदाचा जाऊ दे?"

"मग काय करू? तीन वर्षं याच हातांनी त्याचं सगळं केलं. गळा तर तीनदा केला. आता लटकवून ठेवलाय तिकडे. इंधन भरतायत, काढतायत."

"इंधन?" काकूंनी माझ्याकडे बघितलं. मी तोंडावर टॉवेल धरून स्वयंपाकघरात पळाले. समजूत पटायला पाऊण तास लागला, आणि जाताना काकू थोड्या रागातच म्हणाल्या, "मग नीट नाव ठेवायचं ना, माणसाचा जीव जातो इथे."

सव्वीसला गच्चीवर जाऊन बसलो, तर वरच्या हवेतला वारा आडवा आला. एकतीस.

एकतीस म्हणजे शेवटचा दिवस. सकाळी पावणेअकराला उड्डाण, दुपारी चारला निरोपसमारंभ, पाचला ओळखपत्र जमा. "जमतंय," वन्सं म्हणाल्या, पण आदल्या रात्री त्यांनी तो पास तीनदा पर्समधून काढून तीनदा ठेवला. गच्चीवर आम्ही पुढच्या रांगेत बसलो. लांबचा चष्मा नाकावर, वन्सं ताठ. समोर झाडांच्या पलीकडे पांढरा अग्निबाण उभा. उलटी मोजणी सुरू. चार मिनिटं राहिली आणि मोजणी थांबली. भोंगा म्हणाला, समुद्राच्या बंद केलेल्या पट्ट्यात एक मच्छीमार होडी शिरली आहे.

पंचवीस मिनिटं आम्ही त्या होडीची वाट बघितली. ती हलेना. जाळं आवरत असेल बिचारा. पण मी त्या क्षणी त्याला मनातल्या मनात काय काय म्हटलं ते लिहिण्यासारखं नाही. मग भोंगा म्हणाला, उद्या, याच वेळी.

उद्या म्हणजे एक तारीख.

वन्संनी लांबचा काढला, पुसला, डबीत ठेवला. परतीच्या बसमध्ये त्या खिडकीबाहेर बघत बसल्या, काहीच न दिसणाऱ्या डोळ्यांनी. मी म्हटलं, "वन्सं, ओळखपत्र उद्या दुपारी जमा केलंत तर? विसरलं म्हणून सांगायचं. एकतीस वर्षांत एकदा माणूस विसरू शकतो."

"एकतीसला द्यायचं असतं."

"पण एक दिवसाने काय आभाळ कोसळणार आहे?"

"अगं, संचालकाला बनियनसाठी परत पाठवलाय मी."

 पाच वाजता त्यांनी ओळखपत्र दिलं. त्यांच्या स्वतःच्या पहिल्या दिवसाच्या चार सुया आणि बोटात घालायची टोपी इतकी वर्षं तिथल्या कपाटात होती, ती त्यांना परत मिळाली. भेट म्हणून सगळ्यांनी मिळून एक मोठा थर्मास दिला. वन्संनी तो घरी येऊन उलटसुलट करून बघितला आणि म्हणाल्या, "हेही आमचंच काम. फक्त शिवण नाही."

एक तारखेला सकाळी मी म्हटलं, जायचं. यांनी "आता कशाला? टीव्हीवर दाखवतील" म्हटलं, तर त्यांच्याकडे मी असं बघितलं की ते पेपर घेऊन बाल्कनीत गेले. घाईघाईने डबा भरला. दारातून वन्सं म्हणाल्या, "अगं, लांबचा घेतलास ना?" टेबलावर चॉकलेटी डबी होती. मी उचलली, कानाशी हलवून बघितली, आत खुळखुळलं. "घेतला, घेतला! चला, बस जाईल."

फाटकावरचा दारवान आता आम्हाला चेहऱ्याने ओळखत होता. "आलात मावशी? आज जाणार बघा. कार्ड?"

"जमा केलं काल," वन्सं म्हणाल्या आणि पास पुढे केला.

त्याने पास बघितला, बारीक अक्षरं वाचली, आणि त्याचा चेहरा खरोखर पडला. "मावशी, कार्डाशिवाय नाही सोडता येत."

मी पुढे झाले. "अहो, त्याच्या अंगावरचा कोट यांनी शिवलाय! यांच्याशिवाय तो वर जाऊन गोठून बसेल! पाचव्यांदा येतोय आम्ही इथे, तुम्हीच पाणी दिलंत मागच्या वेळी!" हात हलवताना माझी बाही फाटकाच्या सळईत अडकली आणि बटण तुटून खाली पडलं. "तुमच्या साहेबांना फोन लावा!"

"लावू नका," वन्सं म्हणाल्या. दारवानाला, मला नाही. "तुमची नोकरी आहे. नियम आहे." त्यांनी वाकून बटण उचललं आणि मागे वळल्या.

फाटकापासून थोडं पुढे, रस्त्याच्या कडेला एक पंक्चरवाला बसतो. त्याच्याकडे जुन्या टायरांचा ढीग. त्याने न विचारता दोन टायर पुढे सरकवले. "बसा. इथून पण दिसतं. फुकट." कुंपणापलीकडून भोंग्याचा आवाज येत होता. वीस मिनिटं. होडी नाही. वारा नाही.

"दे बाही इकडे," वन्सं म्हणाल्या. नाकावर जवळचा होताच. त्यांनी माझ्याकडून चॉकलेटी डबी घेतली, उघडली. आत चार सुया, बोटातली टोपी आणि पांढऱ्या धाग्याची गुंडाळी.

मी बघतच राहिले. "वन्सं, चष्मा?"

"कुठला?"

"लांबचा! या डबीतला!"

"तो घरी, टीव्हीवर. काल सुया आणायला काही नव्हतं, म्हणून चष्मा बाहेर काढून यात घातल्या." त्यांनी मान वर केली. "तू घेतला म्हणालीस ना?"

मी, जिला शेजारच्या इमारतीतल्या कोणत्या खिडकीचा पडदा बदलला तेही दिसतं, त्या मी डबी कानाशी हलवून घेतली होती, उघडून बघितली नव्हती. मला रडूच यायला लागलं. एकतीस वर्षं! सहा तारखा! पाच पहाटेचे डबे! आणि शेवटी माझ्याकडून! मी स्वतःला, डबीला, चष्म्याच्या दुकानदाराला, सगळ्यांना लाखोली वाहिली. पंक्चरवाला आपला चष्मा काढून पुढे करत म्हणाला, "हा चालेल का?" तो वाचायचा निघाला.

 वन्संनी सुई ओवली आणि त्या बटण लावायला लागल्या. चार टाके, उभे-आडवे. भोंगा मोजत होता. चाळीस सेकंदांवर मी म्हटलं, "वन्सं, राहू दे ना आता! वर बघा!"

"थांब. गाठ मारल्याशिवाय सोडत नाहीत."

दहा राहिली तेव्हा त्यांनी गाठ मारली, धागा कापला, सुई डबीत ठेवली, जवळचा चष्मा काढला आणि तोंड वर केलं.

"मला नुसता पिवळा डाग दिसतोय," त्या म्हणाल्या. "तू सांग."

"निघाला!"

"निघाला काय? नीट सांग!"

"झाडांच्या वर आलाय. खाली ज्योत आहे, अग्निबाणाहून लांब. पांढरी."

"पिवळी नाही?"

"कडेला पिवळी. मधे पांढरी, बघवत नाही इतकी. धूर खाली पसरतोय, दोन्ही बाजूंना."

"सरळ जातोय का?"

"सरळ. नाही, थांबा, आता जरासा वाकला. समुद्राकडे."

"वाकायलाच हवा. पुढे."

तेवढ्यात आवाज पोचला. टायर खालून थरथरले, पंक्चरवाल्याच्या दुकानाचा पत्रा वाजायला लागला. वन्संनी माझं मनगट धरलं, नुकतंच लावलेलं बटण त्यांच्या मुठीत. मी ओरडून ओरडून सांगत होते. लहान झाला. धुराला एक गाठ पडली, मग तो तुटला. आता नुसता ठिपका. सुईच्या नाकाएवढा. आता आहे. आता आहे. आता नाही.

"आणि कोट?" वन्संनी विचारलं.

"कोट आत आहे ना, वन्सं. टोपीच्या आत. कसा दिसणार?"

"मग तू बघितलंस काय इतका वेळ?"

पंक्चरवाला हसला आणि मग मीही हसायला लागले, नाक पुसत. वन्सं नाही हसल्या. त्या अजून वरच बघत होत्या, नुसत्या डोळ्यांनी. वीसेक मिनिटांनी कुंपणापलीकडे टाळ्या वाजल्या. भोंगा म्हणाला, उपग्रह कक्षेत सुटा झाला. परतीच्या बसमध्ये धाकटीचा फोन आला. वन्संनी नेहमीसारखं ओरडून विचारलं, "गळ्यापाशी किती?" सगळी बस वळून बघायला लागली. पलीकडचं उत्तर ऐकून त्या म्हणाल्या, "एकोणीस अंश? मी अठरा म्हटलं होतं. बरं. चालेल." आणि फोन ठेवून माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आवळला नाही, सुटला नाही." मग डबा मागितला.

घरी आलो तर टीव्हीवर लांबचा चष्मा, काचा आमच्याकडे करून. यांनी दार उघडल्या उघडल्या विचारलं, "गेला एकदाचा?" मागोमाग समोरच्या काकूही आल्या, या वेळी चेहरा उतरवायचा की नाही याचा अंदाज घेत.

"हिला विचार," वन्सं म्हणाल्या. "हिने बघितलाय."

मी सुरू केलं. झाडांच्या वर आला, खाली पिवळी ज्योत...

"पांढरी," वन्सं म्हणाल्या. "कडेला पिवळी."

"तेच म्हणतेय. मग सरळ वर गेला..."

"सरळ नाही. जरासा वाकला. समुद्राकडे. ते सांग आधी, महत्त्वाचं आहे. आणि धुराला गाठ पडली होती."

"तुम्ही कुठे बघितलंत, वन्सं?" मी वैतागून म्हटलं.

"मग कोणी बघितलं?" वन्सं म्हणाल्या. "तुला तर आत्तापासूनच आठवत नाहीये." त्यांनी टीव्हीवरचा चष्मा उचलून नाकावर चढवला, खुर्ची ओढून घेतली आणि काकूंना पहिल्यापासून सांगायला लागल्या.